हैबतीची चाल

त्या राज्यात सगळीकडे धुके होते. माणसाची नजर जिथवर पोचे तिथवरच ते विरे. तो पुढे गेला की मागची जमीन, त्याने शेवटची पाहिली तशीच, फिकी होऊन थिजून राही. तिथे नंतर काय घडले ते कोणी पुन्हा जाऊन पाहीपर्यंत कळत नसे. राजधानीत नगारा वाजला की प्रत्येकाला एक चाल मिळे. ती झाली की पुढच्या नगाऱ्यापर्यंत जागीच थांबायचे.

हैबती हा तिथला पहिला टेहळ्या. त्याने आधी राजधानीभोवती फेरी मारून जवळची जमीन उघडली, मगच तो लांब गेला. टेकडी आली की चढे, कारण वरून दूरचे दिसते. मुक्काम झाडीत करी. लांडग्यांचा माग दिसला की वळसा घेई. "टेहळ्यानं लढायचं नसतं. तो मेला की राज्य आंधळं होतं," असे तो नव्यांना सांगत असे.

नवी वस्ती करायला निघालेल्या गाड्यांबरोबर त्याची धाकटी बहीण भागा होती. त्याने तिला एक दरी दाखवली.

"इथं वसा. माती काळी आहे, नदी आहे, पाठीशी डोंगर आहे."

"आणि तू रे दादा?"

"समुद्र सापडला की येतो."

दरीच्या वरच्या खिंडीतून तो माथ्यावर चढला, तेव्हा पलीकडून लुटारूंची टोळी खिंडीकडे येताना दिसली. खिंड इतकी अरुंद, की एक माणूस आडवा उभा राहिला तरी टोळीची एक चाल वाया गेली असती. तेवढ्यात गाड्या निसटल्या असत्या. इतक्यात राजधानीचा निरोप घेऊन येसबा जासूद आला.

"हैबती, हुकूम पूर्वेचा आहे."

"खाली माझी बहीण आहे, येसबा."

"खिंडीत उभा राहून तू मरशील. टेहळ्यानं लढायचं नसतं, हे तूच सांगतोस ना?"

नगारा वाजला. हैबती पूर्वेला गेला.

पुढे त्याचे काम फार चांगले झाले. समुद्र सापडला, मिठागरे सापडली. एका पाड्यावर लोकांनी त्याला गूळभाकरी दिली. ती त्याने संपवली, पण गोड होती की नाही ते त्याला सांगता आले नसते. दरबारात त्याचे नाव झाले. त्याला ना बरे वाटले, ना वाईट. पाय तेवढे चालत राहिले.

मग येसबा पुन्हा आला. "दरीतल्या वस्तीची काही खबर नाही. जाऊन बघून ये."

हैबती माथ्यावर परतला. दरी खोल होती; एक चाल खाली उतरले की मगच ती उघडणार होती. इथून ती अजून फिकीच, त्याने शेवटची पाहिली तशीच दिसत होती. बैल सोडलेले, चुलीचा धूर हवेत थांबलेला, भागा पदर खोचून वाकलेली.

नगारा वाजला. हैबती जागचा हलला नाही. पुन्हा वाजला, तेव्हा तो दगडावर बसून होता.

येसबा विचारायला आला. "काय दिसलं?"

"बैल सोडलेत. चूल पेटलीय."

"म्हणजे सगळं ठीक आहे."

येसबा ती खबर घेऊन राजधानीकडे वळला.

थोड्याच दिवसांत राजधानीहून आणखी गाड्या आल्या. बियाण्याची पोती होती, पाळण्यात पोरे होती. पुढच्या गाडीवानाने विचारले, "बाबा, दरी हीच ना?" हैबतीने मान हलवली आणि वाटेतून बाजूला झाला. गाड्या एकामागून एक उतरू लागल्या. पहिली गाडी खाली पोचून दरी उघडायच्या आत त्याने तिकडे पाठ फिरवली.