निम्म्या वजनाची चूक

एकदा एका वृद्ध गुरुजींकडे त्यांचा जुना शिष्य निरोप घ्यायला आला. गुरुजींनी तालुक्याच्या शाळेत पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं होतं. शिष्याचं नाव अच्युत. तोही आता तोच विषय शिकवत असे.

वर्षापूर्वी अच्युतचा नऊ वर्षांचा मुलगा तापाने गेला. पाठोपाठ पत्नी मंदाकिनी माहेरी गेली ती परतलीच नाही, आणि हाही तिला आणायला गेला नाही. घर खायला उठायचं. शेवटी त्याने दूरच्या शहरात बदली मागून घेतली. उद्या तिथे हजर झालं की सुटलो, असं बिचाऱ्याला वाटत होतं.

"मंदाकिनीला भेटलास का?" गुरुजींनी विचारलं.

"कशाला, गुरुजी? भेटलं की खपली निघते. तिचं निम्मं दुःख तिने तिकडे सोसावं, माझं निम्मं मी इकडे." तो पुढे म्हणाला, "पण खरं सांगू? माझं निम्मंच मला सगळ्यापेक्षा जड होतंय. हे गणित काही सुटत नाही."

दुसरा कुणी असता तर धीराचे चार शब्द बोलला असता. हे गुरुजी मात्र तडक उठले आणि विहिरीवर जाऊन बादली भरून घेऊन आले! एका दोराच्या मधोमध त्यांनी बादलीची कडी बांधली, दोराचं एक टोक अंगणातल्या कडुनिंबाच्या खोडाला छातीइतक्या उंचीवर बांधलं आणि दुसरं अच्युतच्या हातात दिलं.

"खोडाशेजारी उभा राहा. जड वाटतं?"

"फारसं नाही. निम्मं वजन झाड पेलतंय."

"शाबास. आता मागे सर."

अच्युत मागे सरला. बादली वर आली, दोर ताणला गेला.

"आणखी!"

त्याचे हात भरून आले. दोर आडवा होत चालला, पाय मातीत घसरू लागले, तळवे सोलवटले. पाणी तेवढंच होतं, एक थेंबही वाढला नव्हता. अखेर दोर हातातून निसटला आणि बादली धाडकन आपटली.

"हे काय मांडलंय, गुरुजी?" तो चिडलाच. "दोर जितका आडवा, तितका ताण जास्त. शेवटी वजनाच्या कितीतरी पट! मी पोरांना रोज हेच शिकवतो."

"शिकवतोस ना? मग स्वतःच्या बाबतीत कसा विसरलास?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "दोघांनी वजन धरलं म्हणजे प्रत्येकाकडे निम्मंच येणार, असं नवशिकी पोरं समजतात. अरे, ते दोघं जवळ उभे असतील तर! हे दुःख तुमचं दोघांचं मिळून एकच आहे. ते तोडून दोन गावांना नेता येत नाही. तू जितका लांब जाशील, तितकं ते तुला ओढेल. आणि तिलाही तेवढंच. झाड बोललं नाही म्हणून त्याला ताण बसला नाही, असं समजू नकोस."

अच्युतने खोडाकडे पाहिलं. दोराने साल खरवडली होती. वर्षभरात मंदाकिनीचं कसं चाललं असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"जवळ गेलो तर वजन कमी होईल?"

"नाही रे. खोटं कशाला सांगू?" गुरुजींचा आवाज खाली आला. "आमचीही एक मुलगी पाळण्यातच गेली. तुला ठाऊक नाही. तुझ्या काकू होत्या तोवर दोघांनी मिळून ते धरलं. आता सगळं मी एकटाच धरून बसतो. माझ्यापुढे दुसरा मार्ग नाही. तुझ्यापुढे आहे. ऊठ."

अच्युतने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो निघाला, पण शहराकडे नाही. संध्याकाळच्या एसटीने तो मंदाकिनीच्या माहेरी उतरला. तिनेच दार उघडलं. वर्षभरात ती निम्मी झाली होती.

"काय झालं? असे अचानक?"

"काही नाही. तो फार आठवतो गं. एकट्याला सोसवत नाही."

मंदाकिनी मटकन उंबऱ्यातच बसली. "मला वाटलं होतं," ती म्हणाली, "तुम्ही त्याला विसरलात."

अच्युत तिच्या शेजारी बसला. घरातल्या कुणीही बराच वेळ त्यांना आत बोलावलं नाही.