होते आणि आहेत

उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखात एक कप्तान जहाज घेऊन आला. पिलासोबत पोहणाऱ्या देवमाशाच्या मादीवर त्यानं तोफ रोखली. तिथल्या गावात लेकुरवाळीला कधी मारत नसत. ती गेली की वंश बुडाला, मग गावही उपाशी मरणार. पण कप्तानापुढं बोलणार कोण? जहाजावर आलेल्या गावच्या बाप्यांची दातखीळ बसलेली. पानिक नावाची विधवा तेवढी पुढं झाली.

"मारू नका, साहेब. अशानं संपतील."

कप्तान हसला. "संपतायत कुठले, बये! आमच्या समुद्रात याच्या दुप्पट देवमासे होते."

"होते?" पानिक म्हणाली. "आमच्याकडं अजून 'आहेत' म्हणतात."

कप्तानाचेच खलाशी खाली बघायला लागले. पानिकनं भीतीनं डोळे गच्च मिटले. बार काही ऐकू आला नाही.