खारूताई आणि वेणूचं मागणं

वेणूच्या फ्रॉकला दोन ठिगळं होती, एक निळं आणि एक पिवळं. घरी कॉम्प्युटर कुठला असणार? पण शाळा सुटली की ती वाचनालयातल्या जुन्या, कुरकुरणाऱ्या कॉम्प्युटरवर खारूताईची काळजी घ्यायची.

खारूताई म्हणजे एक इवलासा प्रोग्राम. माहितीच्या भल्यामोठ्या कोठारात तुरुतुरु जायचं आणि विचारलेलं टुणकन घेऊन यायचं, एवढंच तिचं काम. मोठी माणसं त्याला ड्रायव्हर म्हणतात. ती कुणा एकाची नव्हती. गावोगावची माणसं हौसेने तिची डागडुजी करत आणि कोणी काय केलं ते सगळ्यांना दिसेल अशा पानावर लिहीत. वेणूला शिकवणारे मालेगावचे याकूबचाचा त्यांतलेच. पण हल्ली काम फार आणि माणसं थोडी झाली होती. मदत मिळाली नाही, तर खारूताई बंद पडणार होती.

वेणू खिडकीपाशी बसून मुसमुसू लागली. तेवढ्यात बाहेरच्या बागेतून, गुलबक्षीच्या फुलातून, बोटाएवढी परी उडत आली. पंख जांभळे-गुलाबी, कडेला चंदेरी चमचम.

"एक मागणं माग, बाळ," परी म्हणाली. "पण ते सगळ्यांच्या पानावर लिहायचं. लिहिलेलं पुसता येणार नाही."

वेणूने लिहिलं, 'मोठ्या कंपनीने खारूताईला मदत करावी. तिला मी एकटीच सांभाळते.'

एकटीच कशाला? कौतुक हवं होतं, दुसरं काय.

एक मोठी कंपनी नऊ वर्षं खारूताईला फुकट राबवत होती. दमलीस का म्हणून कधी विचारलं नव्हतं. मागणं लिहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीने मृण्मयीताई नावाची इंजिनिअर मदतीला दिली.

"कोठार मिटलेलं दिसलं की खारूताई थांबून तीनदा का बघते?" मृण्मयीताईने विचारलं. "वेळ जातो. ते काढू का?"

तो भाग याकूबचाचांनी लिहिलेला. तो कशासाठी आहे ते वेणूला ठाऊक नव्हतं, पण 'एकटीच सांभाळते' असं लिहिल्यावर आता तसं म्हणायचं कसं?

"काढा," ती म्हणाली.

झालं! कोठार क्षणभर मिटलं, तरी खारूताई रिकाम्या हाताने परतू लागली. खारूताईच्या भरवशावर चालणाऱ्या दवाखान्यांत औषधांच्या याद्या उघडेनात. वेणूने घाबरून पान उघडलं, तर चाचांनी तो भाग गुपचूप पूर्ववत केला होता. म्हणजे वेणूचं मागणंही त्यांनी वाचलं होतं. तरी एका शब्दाने बोलले नव्हते.

वेणूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"परीताई, माझं मागणं परत घे ना. मला फार लाज वाटते."

"परत नाही घेता येत गं," परी हळूच म्हणाली. "पण त्याच्याखाली लिहिता येतं."

वेणूने लिहिलं, 'मी खोटं बोलले. खारूताई आम्हा सगळ्यांची आहे. चाचा, माझं चुकलं.' मग आठवतील तेवढी सगळ्यांची नावं लिहिली.

खाली मृण्मयीताईचा मजकूर उमटला, 'आमचीही मान खाली गेली. नऊ वर्षांत आम्ही एकाचंही नाव विचारलं नाही. यापुढे आमची चार माणसं रोज खारूताईचं काम करतील, तुम्ही सगळे सांगाल तसं.'

खारूताई वाचली. पण वेणूला पानाकडे बघवेना. चाचांचं उत्तर आलं, तेव्हा तिने बोटांच्या फटीतून वाचलं.

'बेटा, सात नावं राहिली. मी सांगतो, तू लिही.'

वेणू डोळे पुसून लिहू लागली. सातवं नाव लिहून तिने वर पाहिलं, तर परी नव्हती, खिडकीत नुसता सोनेरी उजेड होता.