काजळ्याच्या गळ्यातली भाकरी

एका राज्यात हिवाळ्याला वेळेवर येण्याची आणि वेळेवर निघून जाण्याची सवय होती. यायचा, घोट्याएवढा बर्फ टाकायचा, पोरांना चार दिवस घसरू द्यायचा आणि गुपचूप डोंगरापलीकडे चालता व्हायचा. पण ज्या वर्षीची ही कथा, त्या वर्षी तो आला तो ठाण मांडूनच बसला.

डोंगराच्या पायथ्याशी घोंगड्या विणणाऱ्या हैबतीचे घर होते. घरात हैबती, त्याची बायको साळू, तिचे म्हातारे सासरे आबाजी, लहानगी चिंगी आणि काजळ्या नावाचा कुत्रा. या काजळ्याची एक गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होती. पिलू असताना त्याने आबाजींच्या ताटातली भाकरी पळवली. आबाजी दिवसभर रुसून बसले आणि साळूने ते मनावर घेतले. डोक्यावर हात ठेवून "खा" म्हटल्याशिवाय अन्नाला तोंड लावायचे नाही, हे तिने त्याला शिकवून सोडले. मग काय, पाहुणे आले की तमाशा ठरलेला. काजळ्यापुढे भाकरी ठेवायची आणि साळूने मुद्दाम इकडच्या तिकडच्या गप्पा मारीत बसायचे. त्याची लाळ गळे, शेपटी जमीन झाडी, नजर साळूवरून हलत नसे, पण भाकरीला तो शिवत नसे. पाहुणे वाहवा करीत आणि साळू पदराआड हसे. त्या वेळी त्याच्या भुकेचा विचार तिच्या मनात येत नसे, हेही सांगून टाकलेले बरे.

तर बर्फ पडत राहिला. आधी अंगण गेले, मग ओटा गेला, मग दार गेले. हैबती माळ्याच्या खिडकीतून छपरावर चढे आणि फळीने बर्फ लोटी. तो खाली उतरून हात शेकेपर्यंत छपरावर तेवढाच बर्फ पुन्हा साचलेला असे. शेजारचे छप्पर एका सकाळी खाली बसले. माणसे वाचली, पण तो आवाज साळूच्या कानांतून जाईना. आता ती घरात वावरे ती वर बघतच. मधली तुळई कण्हायला लागली की तिचे हातातले काम थांबे, श्वास थांबे. तुळई गप्प झाली की मग ती चिंगीला हळूच भिंतीकडे सरकवी. पिठाच्या मडक्यात हात घातला तर बोटांना मडक्याचा तळ लागत होता.

अशात एके दुपारी माळ्याच्या खिडकीतून एक टिटवी आत आली, चुलीजवळ उतरली, पंख झटकले आणि बोलू लागली. त्या राज्यात पक्षी बोलत असत. फक्त निकड असल्याशिवाय बोलत नसत, म्हणून साळूने चिंगीला जवळ ओढून घेतले.

टिटवीने सांगितले ते असे. डोंगराच्या शिखरावर राजघराण्याचे पांढरे जाते आहे. विभ्रम नावाच्या जादूगाराने ते राजाच्या पणजोबाला करून दिले. त्यात चांदणे घातले की मोती पडत. अट एकच होती: दळण झाले की जात्याच्या तोंडात एक घास ठेवायचा, ते रिकामे सोडायचे नाही. यंदा राजाला नव्या सिंहासनाला मोती कमी पडले. त्याने जाते बोटांनी निपटून घेतले आणि तसेच सोडले. रिकामे जाते आपले आपण फिरू लागले, स्वतःलाच दळू लागले. आकाशातून पडतो आहे तो बर्फ नव्हे, ते त्या जात्याचे पीठ आहे.

"राजाने काही केले नाही?" हैबतीने विचारले.

"राजाने धान्याच्या गोणी पाठवल्या. जात्याने त्या थुंकून टाकल्या. राजाने शूर पाठवले. ते परतले नाहीत. विभ्रमाने वाटेवर तीन दारे मांडली आहेत. राजाने शब्द मोडला, तेव्हा सारे राज्यच हावरे असणार, असा त्याचा समज झाला आहे. हाव नसलेला एक जीव वर पोहोचला आणि त्याने जात्याचा खुंटा धरला, तर कदाचित ते थांबेल."

एवढे बोलून टिटवीने काजळ्याकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. काजळ्या शेपटी हलवू लागला, कारण घरात इतके लोक एकदम आपल्याकडे बघताहेत म्हणजे काहीतरी चांगलेच असणार, असे त्याला वाटले.

साळू नाही म्हणाली. चिंगीने तर त्याच्या मानेला मिठीच मारली. पण तेवढ्यात तुळईतून कडाडल्यासारखा आवाज झाला आणि तिच्या मधोमध बोटभर चीर दिसू लागली. साळूने चिरेकडे पाहिले, चिंगीकडे पाहिले आणि मुकाट्याने मडके उपडे केले. उरल्या पिठाच्या दोन भाकऱ्या झाल्या. एक घरासाठी ठेवली. दुसरी फडक्यात बांधून तिने काजळ्याच्या गळ्यात अडकवली, त्याला माळ्यावर नेले आणि खिडकीतून बाहेर सोडले.

थोडे पुढे जाऊन काजळ्या थांबला. वळून साळूकडे बघत राहिला, बराच वेळ. निरोप घेतो आहे, असे वाटून साळूचे डोळे भरून आले. तिने हातानेच जा म्हणून खुणावले. काळा ठिपका लहान होत पांढऱ्यात दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी टिटवी पहिली बातमी घेऊन आली. पहिले दार म्हणजे घळ. वरून सपाट दिसते, खाली तळ नाही. शूरांतले निम्मे तिथेच बुडाले, कारण जो तो पहिला पोहोचायला धावला. काजळ्या पोटावर सरपटत, वास घेत घेत पार झाला.

"दमला आहे का?" साळूने विचारले.

"दमला आहे. भुकेलाही आहे. भाकरी गळ्यात जशीच्या तशी आहे."

साळूच्या हातातले भांडे खाली पडले. निरोप नव्हता तो. तो शब्दाची वाट बघत होता. गडबडीत तिने भाकरी बांधली होती, पण त्याच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता आणि "खा" म्हटले नव्हते. घरातल्या सगळ्यांना ते एकदमच कळले. आबाजींनी आपल्या वाटणीचा तुकडा घेतला आणि तोंड भिंतीकडे केले. साळूने टिटवीचे पाय धरले. जा, त्याला म्हणावे खा, साळूने सांगितले आहे म्हणावे. टिटवी तशीच परत उडाली.

त्या रात्री साळू झोपली नाही. तुळईची चीर आणि काजळ्याचे पोट, दोन्ही तिला एकसारखी दिसत राहिली.

पुढच्या दिवशी टिटवी आली ती मान खाली घालून.

"सांगितले. त्याने ऐकले, बर्फ चाटला आणि पुढे निघाला. दुसरे दारही त्याने ओलांडले. तिथे गुहाभर मोती आहेत. उरलेले शूर तिथे पागोट्यांत मोती भरता भरता बसल्या जागी गोठले आहेत. त्याने मोती हुंगले. वास आला नाही, म्हणून सोडून दिले. आता तिसरे दार. तिथे विभ्रम स्वतः बसला आहे, वाफाळते पातेले घेऊन. येणाऱ्याला तो त्याच्या जिवलगाच्या आवाजात जेवायला बोलावतो, आणि जो खातो तो गोठतो."

"माझ्या आवाजात?"

"तुझ्याच आवाजात, बाई."

काजळ्या खात नाही हे कळताच साळू धावत माळ्यावर गेली होती, खिडकीतून डोंगराच्या दिशेने जिवाच्या आकांताने "खा" म्हणून ओरडायला. टिटवीचे हे उत्तर ऐकून ती खिडकीशीच थबकली. निघताना जो शब्द म्हटला नाही म्हणून तो उपाशी मरत होता, तोच शब्द आता त्याचा जीव घेणार होता. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिथेच खाली बसली. खाली हैबती तुळईला खांद्याचा टेकू देऊन उभा होता. मेहनतीने विणलेल्या घोंगड्या जळत होत्या, कारण सरपण संपले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग चिंगी म्हणाली, "आई, आवाज गेला."

खरेच गेला होता. इतके दिवस कानांत भरून राहिलेली एक बारीक घरघर होती. ती होती हे थांबल्यावरच कळले. खिडकीबाहेर शेवटचे दोन कण उतरले आणि आभाळ मोकळे झाले.

टिटवी आली आणि तिने सांगितले. विभ्रमाने साळूच्या आवाजात हाक मारली, लाडाने, चार-चारदा. काजळ्या धावत गेला, त्याच्यापुढे बसला आणि डोके पुढे केले. हात कधी येतो, याची वाट बघत राहिला. विभ्रमाने आवाज उचलला होता, पण हाताचे त्याला ठाऊक नव्हते. शेवटी विभ्रमाचेच डोळे खाली झुकले आणि तो वाटेतून बाजूला झाला. वर काजळ्याने खुंटा दातांत धरला. जात्याने त्याला गरगर फरफटत नेले, फडके फाटले आणि भाकरी जात्याच्या काठाशी पडली. तो उठला. भाकरी समोर, जाते समोर. घरी उंबऱ्याशी बसतो तसाच तो त्या भाकरीपुढे बसला आणि जात्याकडे बघू लागला.

"पिढ्यान्‌पिढ्या त्या जात्याकडे प्रत्येकाने मागितले," टिटवी म्हणाली. "भुकेल्याने आपली भाकरी पुढे ठेवून थांबावे, हे त्याने कधी पाहिले नव्हते. गोणी भरल्या पोटांच्या होत्या. ही भाकरी उपाशी पोटाची होती. त्याने ती घेतली आणि ते थांबले. शाप संपला."

उन्हे पडली. बर्फ वितळून ओढ्यांना मिळाला. गोठलेले शूर उठून लाजत घरी गेले. राजा अनवाणी शिखरावर गेला, जात्याच्या तोंडात त्याने आपल्या ताटातला घास ठेवला आणि मोत्यांचे सिंहासन मोडून त्याच्या मोलाचे धान्य गावोगाव वाटायची आज्ञा दिली.

पण ते धान्य पोहोचायच्या आधीच पांढऱ्या उतारावर एक काळा ठिपका दिसला होता. चिंगीने तो सगळ्यांत आधी पाहिला. काजळ्या आला तो कातडे आणि हाडे एवढाच उरलेला. उंबऱ्याशी येऊन तो आपल्या जागी बसला आणि साळूकडे बघू लागला.

साळूने मडक्यात हात घातला. मडके रिकामे होते. तिला रडू फुटणार, तोच आबाजींनी उशाखालून तुकडा काढला. परवाचा, वाळलेला, त्यांच्या वाटणीचा.

"मला गिळवला नाही, सूनबाई," ते म्हणाले. "त्याला दे. या खेपेला चोरून न्यायला नको त्याला."

साळूने तुकडा काजळ्यापुढे ठेवला. त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड उघडले, पण शब्दच फुटेना. काजळ्याची लाळ गळत होती. शेपटी हलवण्याइतकेही बळ नव्हते. नजर मात्र तिच्यावरून हलली नाही. तिने त्याच्या कपाळाला कपाळ टेकले आणि मोठ्या मुश्किलीने म्हटले, "खा, माझ्या राजा."

मग तो खाऊ लागला.

ते जाते अजून तिथे आहे आणि हिवाळाही पूर्वीसारखा येऊन जातो. त्या राज्यात कुत्र्यापुढे भाकरी ठेवली की माणसे लगेच "खा" म्हणतात, आणि तो खाईपर्यंत दुसरे काही बोलत नाहीत.