दोन गोल झाले की पलीकडं

एका गावाच्या एका पेठेत एक गिरणीवाला राहत होता. त्याचं नाव हिंदुराव. गाव तसं कुस्तीचं, पण तिथल्या तालमींना फुटबॉलचाही नाद लागला होता. सकाळी मातीत अंग घोळवायचं आणि संध्याकाळी मैदानात चेंडू लाथाडायचा, हा तिथल्या पोरांचा धर्मच होता म्हणा ना. सामन्याच्या दिवशी दुपारी चारनंतर पेठेत चिटपाखरू दिसायचं नाही. दळण घेऊन आलेल्या बायका गिरणीचं कुलूप बघून हिंदुरावाच्या नावानं बोटं मोडायच्या. मग त्याही उकडलेल्या शेंगा ओच्यात घेऊन मैदानाच्या कट्ट्यावर जाऊन बसायच्या.

या पेठेच्या मैदानावर एक रीत होती. ती आजूबाजूला दुसरीकडे कुठे नव्हती. रोजच्या खेळात ज्यानं दोन गोल केले, त्यानं समोरच्या संघात जायचं. तालमीच्या एका जुन्या वस्तादानं ही रीत घालून दिली होती. त्याचं म्हणणं साधं होतं. जिंकणारे माजतात, हरणारे रुसून लवकर घरी जातात, मग खेळायचं कुणी? तेव्हापासून खेळ चेंडू दिसेनासा होईपर्यंत चालायचा. चांगला खेळणारा एकाच संध्याकाळी दोन्हीकडून खेळायचा. आत्ता ज्या गोलात चेंडू घातला, त्याच गोलाची राखण करायला धावायचा. त्यामुळे पेठेत फुटबॉलवरून भांडणं व्हायची ती दुसऱ्या पेठेशी. आपसात कधी झाली नाहीत.

हिंदुराव याच मैदानावर वाढला. काय दिवस होते ते! चेंडू कातड्याचा असायचा. भिजला की धोंड्याएवढा जड व्हायचा. त्याच्या तोंडाला चामड्याची वादी बांधलेली असायची. डोक्यानं मारताना ती वादी कपाळावर बसली की तिचा वळ दोन दिवस जायचा नाही, आणि पोरं तो वळ शाळेत तोऱ्यानं मिरवायची. हिंदुराव डाव्या बगलेनं पळायचा, अनवाणी. त्याचं ते पळणं आठवलं की पेठेतली म्हातारी माणसं अजून हळहळायची. अठराव्या वर्षी त्याला मुंबईच्या एका कापडगिरणीच्या संघानं बोलावलं होतं. वडिलांनी पाठवलं नाही. पिठाची गिरणी कोण बघणार, एवढाच त्यांचा सवाल होता. हिंदुराव राहिला. भुवयांवर पीठ घेऊन तीस वर्षं राहिला.

त्याला एकच मुलगी. नाव राजलक्ष्मी, पण सगळे राजी म्हणायचे. तेरा वर्षांची ही पोर बापासारखीच डाव्या पायाची निघाली. तोंडानं मात्र आईवर गेली होती. मैदानात तिच्या पायापेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं. "ए बंड्या, मागं बघ की! डोळं घरात ठेवून आलाईस काय?" असं ती ओरडली की पट्ट्याच्या घरघरीतसुद्धा गिरणीत ऐकू यायचं. मैदान गिरणीच्या पाठीमागंच होतं. हिंदुराव दळता दळता हसायचा.

एके दिवशी मोठ्या शहरातल्या एका नामांकित क्लबचे सर गावात आले. त्यांनी राजीचा खेळ पाहिला आणि थेट गिरणीत येऊन पोत्यावर बसले.

"मुलीत पाणी आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे पाठवा. चार-पाच वर्षांनी परदेशातल्या कॉलेजांची माणसं मुलं बघायला येतात. त्यांना आवडली, तर पुढचं सगळं शिक्षण मोफत."

सर खोटं बोलणारे नव्हते. सगळ्यांचंच तसं होतं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण ते वाक्य हिंदुरावाच्या कानात शिरलंच नाही. गिरणीचा आवाज होता म्हणावं, तर गिरणी कधीच बंद केलेली होती.

संध्याकाळी नवराबायकोत बोलणं झालं. बायकोचं नाव शालन.

"अहो, पोरगी हितं खेळतीया, ते काय कमी हाय?" ती म्हणाली.

"गावात खेळून कोण मोठं झालंय? मलाच बघ की."

"तुम्हाला खेळताना बघूनच मी लग्नाला व्हय म्हटलं."

हिंदुराव लाजला, पण बधला नाही. राजी तिथंच ज्वारी निवडत बसली होती. तिला मात्र कुणी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी पहाटेची एसटी सुरू झाली. बाप पुढे, लेक मागे, पाठीवर बुटांची पिशवी. राजीचं संध्याकाळचं मैदान हिंदुरावानं बंद करून टाकलं. पाय दुखावला तर काय घ्या! राजी गिरणीच्या मागच्या भिंतीवर एकटीच चेंडू मारत बसायची. धप्, धप्, धप्. बाप तिला बजावायचा, "तिकडं गोल मोजत्यात. दोन झालं तर तिसरा घाल, चौथा घाल. पलीकडं जायचं खूळ आता सोड." राजी मान हलवायची.

हिंदुरावाला तर जणू अठरावं वर्ष परत लागलं. परदेशातल्या कॉलेजांची नावं त्यानं पाठ केली. ती त्याच्या जिभेवर नीट बसायची नाहीत, पण दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला तो ती ऐकवायचा. बायका पीठही घेऊन जायच्या आणि भूगोलही. या सगळ्या धांदलीत एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. राजीचं तोंड बंद झालं होतं. क्लबच्या मैदानावर ती धावायची, गोल करायची, पण ओरडायची नाही. घरीही जेवढ्यास तेवढं.

"घरातला आवाज कमी झालाय," शालन एकदा म्हणाली.

"शहाणी व्हायलीया," हिंदुराव म्हणाला.

असं वर्ष गेलं आणि निवडीचा दिवस आला. क्लबचा मुख्य संघ त्या दिवशी ठरायचा होता. कॉलेजची माणसं बघणार ती त्याच संघाला. दोरीच्या बाहेर आईबाप उभे होते. मुली खेळत होत्या आणि घाम यांना फुटला होता. राजी पिवळ्या संघात होती. तिनं पहिला गोल केला. हिंदुरावानं एक बोट दुमडलं. अर्ध्या तासात तिनं दुसरा गोल केला. त्यानं दुसरं बोट दुमडलं आणि तिसरं तयार ठेवलं.

आणि राजीनं अंगावरची पिवळी बंडी काढली, ती एका मुलीच्या हातात दिली आणि चालत चालत समोरच्या लाल संघात जाऊन उभी राहिली.

चूक तिच्या पायांची होती. दुसरा गोल झाला की कुठं जायचं, हे पायांना लहानपणापासून ठाऊक होतं. लाल संघाची गोलराखी रडकुंडीला आली होती. राजीनं तिची पाठ थोपटली आणि पुढं गेलेल्या लाल संघातल्या एका मुलीवर ती ओरडली. वर्षभरात पहिल्यांदा तिचा आवाज मैदानभर घुमला, "ए, पुढं कुठं पळालीस? मागं बघ की!"

दोरीबाहेरचे आईबाप खो खो हसले. हिंदुराव तांबडा झाला. "राजे, अगं तिकडं कुठं? अलीकडं ये!" तो ओरडला. सरांनी शिट्टी वाजवून तिला परत पाठवलं. राजी भानावर आली. खाली मान घालून परत आली, बंडी घातली, आणि पुन्हा तिचं तोंड मिटलं ते मिटलंच.

खेळ संपल्यावर सर हिंदुरावाकडे आले. त्यांच्या हातात कागद होता. "मुलगी घेतली," ते म्हणाले. "ती सवय तेवढी मोडून काढू. इथं सही करा. यापुढे शाळेत, पेठेत, कुठंही खेळायचं नाही. फक्त आमच्याकडे."

तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हिंदुरावाच्या हातात आलं होतं. त्यानं पेन उघडलं. मग मोठ्या हौसेनं राजीला हाक मारली. "राजे, निवड झाली बघ तुझी! करू नव्हं सही?"

राजी बुटांच्या टोकांकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणशीला तसं, आबा."

हिंदुरावाचा हात थांबला.

हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. अठराव्या वर्षी गिरणीच्या पायरीवर उभं राहून तो वडिलांना हेच म्हणाला होता, असाच, खाली बघून. वडील खूश झाले होते. पोरगं आज्ञेतलं आहे, असं त्यांनी चार लोकांत सांगितलं होतं. त्यानंतर तीस वर्षांत, बाबा रे, तुला काय हवं होतं, असं त्याला कुणी विचारलं नाही. हिंदुरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला गेलेल्या बापाचा राग आला, आणि लगेच कळलं की आपणही तेच करतो आहोत. बाप जाऊ नको म्हणाला होता, आपण जा म्हणतो आहोत, एवढाच काय तो फरक.

आता कागद परत द्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण मग तोही आपलाच हुकूम झाला असता. त्यानं पेन बंद केलं आणि लेकीसमोर गवतावर बसकण मारली.

"मी म्हणीन तसं न्हाई," तो म्हणाला. "तुला काय वाटतंय ते सांग. मी थांबतो."

राजी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. हिंदुराव थांबला. बाकीच्या आईबापांनी सह्या केल्या आणि ते गेले. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. हिंदुरावाच्या जिभेवर दहा वेळा काहीबाही आलं, ते त्यानं दहा वेळा गिळलं. आयुष्यात एवढा वेळ तो कधी गप्प बसला नव्हता.

शेवटी राजी म्हणाली, "आबा, मला फुटबॉल लई आवडतोय."

"मग?"

"हितं आल्यापासनं आवडंना झालाय. तुम्ही रागावशीला म्हणून तोंड उघडलं न्हाई."

ती परदेशची कॉलेजं, ती मुलं बघायला येणारी माणसं, सगळं एका क्षणात हिंदुरावाच्या हातातून गेलं. त्याला दुःख झालं नाही असं कसं म्हणावं? झालंच. पण तो उठला, सरांसमोर हात जोडले आणि कागद कोराच परत दिला.

"ही जागा पुन्हा मिळणार नाही," सर म्हणाले.

"ठाऊक हाय, सर."

परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता. राजीनं हळूच विचारलं, "आबा, रागावलाय?"

"वाईट वाटतंय," हिंदुराव खरं ते बोलला. "पण ते माझं हाय. तुझं न्हाई."

दुसऱ्या दिवशी राजी संध्याकाळच्या मैदानात उतरली. पेठेनं हिंदुरावाची यथेच्छ टिंगल केली. "काय गिरणीवाले, विमान चुकलं वाटतं?" असं महिनाभर चाललं. तो हसून सोडून द्यायचा. पाठीमागून पोरीचं ओरडणं ऐकू आलं की त्याला तेवढं पुरायचं.

बरीच वर्षं गेली. त्या क्लबातली एक मुलगी खरोखरच परदेशी शिकायला गेली, आणि तिचं चांगलं झालं. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणींनी सोळा-सतरा वर्षांच्या होताच बूट कायमचे काढून ठेवले. राजी गावातच शाळा शिकली, पुढं जनावरांची डॉक्टर होऊन गावातच परत आली. दिवसभर ती गुरांमागे फिरायची.

एका लग्नासाठी पेठेत लांबचे पाहुणे आले होते. ते गिरणीत हिंदुरावाशी गप्पा मारत बसले. जुन्या सामन्यांच्या गोष्टी निघाल्या, मग राजीचा विषय निघाला. पाहुणे चुकचुकले. "पोरीत एवढी चमक होती. मग पुढं काय झालं ओ तिच्या फुटबॉलचं?"

हिंदुरावानं त्यांना हाताला धरून मागच्या दारापर्यंत नेलं. मैदानात वीस-पंचवीस जण धुळीत पळत होते. त्यांच्यात सलवारीचे पाय दुमडलेली एक तिशीची बाई सगळ्यांवर खच्चून ओरडत होती आणि मनसोक्त हसत होती.

"ती बघा की," हिंदुराव म्हणाला. "खेळतीया."

तात्पर्य: आपली राहून गेलेली हौस मुलांच्या पायांत घालू नये. त्यांना काय हवं ते विचारावं, आणि खरं उत्तर येईपर्यंत थांबण्याचा धीर धरावा.