बारावा पडदा

“मग दोष गिटारमध्ये नाही, तर कशात आहे, मास्तर?”

ऑल्विनच्या आवाजात अधीरता होती. इनास मास्तरांना मुळीच घाई नव्हती. वसईतल्या त्या गावात गिटार धरणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्यासमोर शिकायला बसलेला होता. ऑल्विन हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. चर्चच्या गायनवृंदात इलेक्ट्रिक गिटार तोच वाजवी आणि सर्वांना सूरही तोच देई.

“काय काय केलंस?”

“तारा नव्या घातल्या. खुंट्या बदलल्या. तारांखालची घोडी मागेपुढे करून पाहिली. ट्यूनरवर प्रत्येक तार बिनचूक लागते, मास्तर. पण दांडीच्या वरच्या पडद्यांवर गेलो, की सूर चढतो.”

“कधी कळलं?”

“काल. सरावाचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा.”

“त्याआधी?”

“त्याआधी वाटायचं…” ऑल्विन अडखळला. “वाटायचं, पावलीन मावशी उतरून गातात.”

ती गोष्ट गावाला ठाऊक होती. पावलीन मावशी तरुणपणापासून वृंदात गात आल्या होत्या. गेल्या महिन्यात ऑल्विनने सर्वांदेखत सूर मोजणारा ट्यूनर त्यांच्यासमोर धरला, मोकळी तार छेडून हिरवा दिवा दाखवला आणि म्हटले, “यंत्र खोटं बोलत नाही, मावशी.” मावशींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. त्यानंतर त्या सरावाला आल्या नव्हत्या.

“काल मावशी होत्या?”

“नव्हत्या.”

“आणि सूर?”

“…तसाच. फाटलेला.”

मास्तरांनी गिटार मांडीवर घेऊन तिला ट्यूनर जोडला. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून त्यांनी सूर काढला. मग त्याच ठिकाणी तार दाबून पुन्हा तोच काढला. दोन्ही सूर एकमेकांत विरून गेले.

“घोडी जागेवर आहे. घे, आता तू दाब.”

ऑल्विनने तार दाबली. ट्यूनरचा काटा उजवीकडे सरकला.

“अरे, तार धरतोस की चोराचं मनगट?”

ऑल्विन ओशाळून हसला. त्याने बोट सैल केले. काटा मध्यावर आला. मग त्याने नेहमीसारखी तार दाबली.

काटा पुन्हा सरकला.

त्याचे हसू मावळले.

“पण ट्यूनर तर बरोबर…”

“मोकळी तार छेडलीस, तेव्हा तुझं बोट कुठं होतं?”

ऑल्विनने तारेवरचे बोट उचलले.

“मावशी मला उलट काही बोलल्या नाहीत, मास्तर. ‘तुझंच खरं असेल, बाबा,’ एवढंच म्हणाल्या. आणि मी… सगळ्यांकडे बघून हसलो.”

मास्तरांनी ट्यूनर काढून बाजूला ठेवला.

“रविवारी क्रुसाचा सण. त्यांच्याशिवाय सणाचं गीत कोण उचलणार?” ऑल्विन एकाएकी उठला. “आत्ताच जातो. त्यांना सगळं नीट समजावून सांगतो. जोरात दाबलं की तार ताणली जाते, ताणली की सूर चढतो, आणि मोकळ्या तारेवर ते दिसतच नाही… गिटारही घेऊन जातो. डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे त्यांना पटेल की माझा तसा हेतू…”

मास्तरांनी त्याच्या हातातून गिटार अलगद काढून घेतली आणि भिंतीशी टेकवून ठेवली.

“जा,” ते म्हणाले. “तारेविषयी काही बोलू नकोस.”