जोगिणीचा कोंबडा

एका राज्यात राजाच्या रागाला सगळे भीत, आणि राजा त्या भीतीलाच राज्य म्हणे.

राजाचे नाव प्रचंडवर्मा. दुष्काळाच्या वर्षी एक जोगीण काखेत तांबडा कोंबडा घेऊन त्याच्या कोठारापाशी आली आणि पसाभर जोंधळे मागू लागली. राजाने तिला लाथ घालून हाकलले. जोगीण उठली आणि म्हणाली, "धान्य सोन्यासारखे जपतोस ना? मग सोनेच जप! माझा कोंबडा तुझ्या वंशातल्या कुणाच्या तळहातावरून दाणा टिपेल, तेव्हाच शाप सुटेल."

ती गेली. कोठारातला दाणा न् दाणा सोन्याचा झाला. कोंबडा कोठाराच्या दारात उभा राहिला, आणि अंगणातल्या कोंबड्या त्याच्या मागे गोळा झाल्या.

नगरातल्या चुली विझल्या. राजा सोन्याचे दाणे मुठीत घेऊन दारी गेला. "खा!" तो गरजला. कोंबड्याच्या मानेची पिसे फुलून उभी राहिली. राजाने लाथ मारली. कोंबड्याने झेप घेऊन पायामागची नखी त्याच्या मांडीत रुतवली, आणि लाथ लागल्याबरोबर तो हातभर वाढला. राजा पुन्हा पुन्हा गेला, पुन्हा पुन्हा लाथ मारली. कोंबडा घोड्याएवढा झाला.

"पेटवा ते कोठार, कोंबड्यासकट!" राजा ओरडला. "सूर्य माथ्यावर आला की पलिते लावा."

"आणि प्रजेने खायचे काय?" राजकन्या वेत्रवतीने विचारले.

"तुला कुणी विचारले?"

वेत्रवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजवाड्यातून ती निघाली ती धरणी दणाणवत कोठारापाशी आली. कोंबड्याची पिसे फुलली.

तेवढ्यात एक पिंगळी कोंबडी माणसाच्या वाणीने बोलली, "थांब, मुली. तुझे पाऊल तुझ्या बापाचे आहे."

"मला राग आला आहे!"

"येऊ दे. पण तो पायांत उतरवू नकोस. लाथ मारणारा त्याला मालक वाटत नाही, दुसरा कोंबडा वाटतो. तो ताठ होऊन एका डोळ्याने पाहील, तेव्हा पळू नकोस. पंख घासत फिरेल, तेव्हा हात उगारू नकोस. आणि तो बोलावील, तेव्हाच जवळ जा."

वेत्रवती उभी राहिली. कोंबडा ताठ झाला आणि मान वळवून एका डोळ्याने तिला न्याहाळू लागला. तिचे दात एकमेकांवर आवळले होते, पण पाय हलले नाहीत.

मग त्याने एक पंख खाली सोडला आणि धूळ उडवीत तिच्याभोवती आडवा फिरू लागला. त्या पंखाचा वारा तिच्या गालाला चाबकासारखा लागला. तिने हात अंगाशी धरले.

इतक्यात आकाशातून घारीची सावली अंगणावर पडली. कोंबड्याने लांब, कापरा आवाज काढला. कोंबड्या जिथल्या तिथे दबल्या. वेत्रवतीही त्यांच्यात खाली बसली. घार निघून गेली. तेव्हा कोंबड्याने चोचीत सोन्याचा दाणा उचलला, खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. "टुक् टुक् टुक्," तो हळू आवाजात म्हणाला.

तो बोलावत होता.

ती पुढे सरली. दाणा उचलून तिने तळहातावर धरला.

त्याच क्षणी प्रचंडवर्मा पलितेवाल्यांसह अंगणात शिरला. कोंबड्याची मान पुन्हा फुलली.

"आहात तिथेच थांबा!" वेत्रवती तळहात न हलवता म्हणाली.

"मला आज्ञा करतेस?"

"करते! तुमच्या एका लाथेपायी नगर उपाशी आहे, महाराज. आता तो पाय उचलाल, तर मी या पक्ष्याच्या बाजूने उभी राहीन."

पलितेवाल्यांनी राजाकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले, आणि पलिते मातीत विझवले. राजाने उचललेले पाऊल जागीच टेकले.

कोंबड्याची पिसे हळूहळू बसली. त्याने मान वाकवली आणि दाणा टिपला.

सोने मावळले. कोठारात जोंधळ्यांची रास पांढरीशुभ्र दिसू लागली. कोंबडा लहान होत होत साध्या कोंबड्याएवढा झाला आणि कोंबड्यांना घेऊन उकिरड्याकडे निघून गेला.

वेत्रवतीने कोठाराची दारे उघडली. आधी नगराला वाढले, मग वाड्याला. राजाची पाळी सर्वांत शेवटी आली. त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि खाली पाहिले.

तिचा राग अजून गेला नव्हता. तरी तिने ओंजळ काठोकाठ भरली.